लढण्याच्या विद्यांचा मेळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही कामगार-कायद्यांवर बोलावे अशी त्यांची कल्पना होती. आमची तीस वर्षे हमाल, तोलार आणि जिनिंगमधले मजूर यांच्या संघटनेत गेली. तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. तरी आम्ही आजचा हा विषय चालकांकडून मागून घेतला. त्याला कारण आहे. आज मेहकरात ज्या घरी दहा-पंधरा वर्षांचे मूल आहे, त्या घरी एक प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. पोराला आखाड्यात घालावे की कराटेच्या वर्गाला? मुलीलाही काही शिकवावे काय? आणि शिकवायचे तर कोणती विद्या खरी? आजोबा म्हणतात, लाल मातीसारखे दुसरे काही नाही. मुलगा मोबाईलवर परदेशी झुंजी पाहतो आणि म्हणतो, तुमची माती जुनी झाली. आई म्हणते, काही शिकवा, पण माझ्या लेकराचे डोके फुटू देऊ नका. तिघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. तिघांना एका जागी बसवून बोलता येईल काय, एवढाच आमचा आजचा उद्योग.

आम्ही या विद्येचे उस्ताद नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. तरुणपणी मातीत अंग घोळवले, काठी फिरवली. बाकीचे वाचून, पाहून आणि जाणत्यांना विचारून मिळवले. तेव्हा आपण आमच्याकडून डावपेचांचा वर्ग अपेक्षू नये. विचार मात्र सांगू.

पहिला विचार असा. कोणतीही लढण्याची विद्या घ्या, तिच्यात खेळ आला की नियम आले. नियम नसतील तर रोज सराव करता येणार नाही. चार दिवसांत सगळा आखाडा दवाखान्यात जाईल. म्हणून नियम हवेतच. परंतु नियमांनी माणसाला सवयी लागतात, आणि त्या नियमांबाहेर तशाच टिकतात. आपला पैलवान घ्या. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, चितपट झाली. म्हणून पैलवान खाली जाताना अंगातले सारे बळ लावून पालथा पडतो, छाती मातीला लावतो आणि पाठ आभाळाकडे करतो. कुस्तीत हे शहाणपण आहे. पण समोरचा गडी जुजुत्सु खेळणारा असेल, तर तो याच पाठीवर बसतो, पाय कमरेला आवळतो आणि हात गळ्याभोवती घालतो. पैलवानाने जन्मभर जी पाठ मातीपासून जपली, तीच त्याने शत्रूच्या हाती दिली. याच्या उलट, जुजुत्सुचा गडी खुशाल पाठीवर निजून पायांनी लढतो. आपल्या आखाड्यात मात्र पंच त्याला पहिल्याच क्षणी हरला म्हणतील.

मुष्टियुद्ध करणाऱ्याचे पाहा. त्याला कमरेखाली कोणी हात घालील ही भीतीच नाही, कारण त्याच्या खेळात ते चालत नाही. त्याने पट काढून घेणारा कधी पाहिलेलाच नसतो. काठी खेळणारा घ्या. काठीच्या टोकाच्या अंतरावर तो राजा आहे. परंतु कोणी एक वार सोसून आत घुसला आणि त्याला मिठी मारली, तर ती पाच हात लांब काठी त्याच्याच गळ्यातले लोढणे होते. यांत कोणाच्या विद्येला कमीपणा नाही. ज्या विद्येत जी गोष्ट घडत नाही, ती गोष्ट ती विद्या विसरते, एवढाच याचा अर्थ. आणि रस्त्यावर गुंड भेटतो तो कोणत्या विद्येचे नियम पाळून येत नाही.

लढाईत चार अंतरे असतात असे आम्ही समजतो. हत्याराचे अंतर, लाथ-बुक्कीचे अंतर, मिठीचे अंतर आणि जमिनीचे अंतर. खरी लढाई या चारांत ये-जा करीत असते. बहुतेक विद्या एका अंतरावर, फार तर दोहोंवर, पारंगत असतात. म्हणून पुरा लढणारा व्हावयाचे तर विद्यांचा मेळ घालावा लागतो. हा काही आजकालचा परदेशी शोध नव्हे. आपल्या जिल्ह्यातच सिंदखेडराजा आहे, जिजाऊसाहेबांचे माहेर. त्यांच्या पुत्राचा एक प्रसंग आपणां सर्वांना पाठ आहे. तो या दृष्टीने एकदा पुन्हा पाहू.

10 नोव्हेंबर 1659. प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. बखरींतून येते ते वर्णन असे की अफझलखानाने आलिंगनाच्या निमित्ताने महाराजांची मान काखेत आवळली आणि दुसऱ्या हाताने वार केला. आता विचार करा. खान देहाने धिप्पाड. हे मिठीचे अंतर, म्हणजे मोठ्या देहाचे राज्य. तेथे तलवार काढायला जागा नाही, पट्टा निरुपयोगी. महाराजांनी त्या अंतराला साजेसे हत्यार आधीच योजून ठेवले होते. अंगात चिलखत होते, म्हणून वार निभला; हातात वाघनखे आणि बिचवा होता, म्हणून मिठीतूनच उत्तर देता आले. पुढे सय्यद बंडा तलवार घेऊन धावला तेव्हा अंतर बदलले होते. तेथे जिवा महालाने त्याला गाठले. मिठीत एक उत्तर, तलवारीच्या अंतरावर दुसरे. ज्याने चारही अंतरांचा आधी विचार केला, तो वाचला.

मराठी शिपाईगडी अनेक विद्या एकत्र शिके, कारण त्यावाचून त्याचे पोटच भरत नसे. घोड्यावर बसणे, भाला, पट्टा, तलवार-ढाल, आणि या सगळ्यांच्या मुळाशी कुस्ती आणि जोर-बैठका. भाल्याच्या सरावासाठी टोकाला बोथट गोळा लावून बोथाटी खेळत. तलवारीच्या सरावासाठी फरी-गदका. फरी म्हणजे लहान ढाल, गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. या सरावाच्या साधनांकडे आपण नीट लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. आपल्या पूर्वजांनी हत्यारे बोथट केली ती सराव लुटुपुटीचा व्हावा म्हणून नव्हे. सरावात पूर्ण जोर लावता यावा म्हणून केली. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

राज्य गेले आणि शिपाईगिरीही गेली. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला. मग जे एकत्र होते त्याच्या वाटण्या झाल्या. कुस्ती एका आखाड्यात, लाठी-बनेठी दुसऱ्या तालमीत, पट्टा मिरवणुकीत. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ लोकांनी जिवापाड जपले, हे त्यांचे मोठे उपकार. परंतु वेगळ्या राहिलेल्या विद्या हळूहळू एकमेकींना विसरतात. त्यांची पुन्हा गाठ घालून देण्याचे काम दोन गावांनी केले. एक बडोदे आणि दुसरे आपल्याच वऱ्हाडातले अमरावती.

बडोद्याला जुम्मादादा नावाचे उस्ताद होते आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. उस्ताद मुसलमान, शिष्य हिंदू. विद्येला त्याची अडचण पडली नाही. शिष्याने संस्था वाढवली तेव्हा तिला आपले नाव न देता उस्तादाचे दिले: जुम्मादादा व्यायाममंदिर. तेथे कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, बिनोट अशा विद्या एका छपराखाली आल्या. माणिकराव हाडे बसवण्यातही नामांकित होते. अंग मोडण्याची विद्या ज्याला येते त्याने जोडण्याचीही शिकावी, हा मेळ आम्हांस सर्वांत शोभून दिसतो. याच बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध केले. ज्या विद्या उस्तादाच्या ओठांतून शिष्याच्या कानात जात आणि उस्तादाबरोबर कधी कधी चितेवरही जात, त्या छापील पानावर आल्या आणि सर्वांच्या झाल्या. वाचनालयात वाढलेल्या माणसाला या कामाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली आखाडा काढला. तेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. देशी व्यायामांबरोबर परदेशी खेळही तेथे शिकवू लागले आणि गावोगावचे तरुण तेथून शिक्षक होऊन परतू लागले. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाचे पथक तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. आमच्या भागातला एक आखाडा जगाला काही दाखवून आला आणि जगाचे काही पाहून आला. घ्यावे आणि द्यावे, दोन्ही.

बिनोटाचे नाव आता घेतले. तिच्याविषयी दोन शब्द. हत्यार नसलेल्या माणसाने हत्यारवाल्याशी कसे लढावे, याची ती विद्या. तिच्यात पकड कुस्तीची, सरकणे काठी खेळणाऱ्याचे आणि आघात मुठीचा. म्हणजे विद्यांच्या मेळाची आपली स्वतःचीच एक परंपरा आहे. मल्लखांबाचेही तसेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला. त्यांना ही युक्ती सप्तशृंगीच्या डोंगरावर वानरांच्या उड्यांवरून सुचली अशी कथा आहे. कथा कथेच्या ठिकाणी राहो. मातीतला गडी खांबावर चढला, तेथून अंगाची लवचीकता आणि पकडीची ताकद घेऊन पुन्हा मातीत उतरला, हे मात्र खरे. बाहेरचे घ्यायचे, परंतु ते घेऊन आपल्या मुळावर परत यावयाचे, असा हा मार्ग आहे.

आता थोडे बाहेर पाहू. जपानात जिगोरो कानो नावाचा किरकोळ अंगाचा विद्यार्थी होता. दांडगट मुले त्रास देत, म्हणून तो जुजुत्सु शिकू लागला. त्या काळी जपानात जुजुत्सुची घराणी पुष्कळ आणि प्रत्येकाचा आपापला अभिमान. कानोने दोन घराणी शिकून घेतली. एकात पकडी, आघात आणि गळा आवळणे मुख्य. दुसऱ्यात उचलून फेकणे मुख्य. आखाड्यात एक जाडजूड सोबती त्याला आवरत नव्हता, तेव्हा या मुलाने वाचनालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचे पुस्तक शोधले आणि त्यातला माणूस खांद्यांवर आडवा उचलण्याचा डाव घेऊन त्या सोबत्याला फेकला. तो डाव पुढे त्याच्या विद्येत कायमचा राहिला. 1882 साली त्याने टोकियोतल्या एका देवळात आपली शाळा काढली. तीच जुदोची कोदोकान. 1964 साली जुदो ऑलिंपिकमध्ये गेला.

परंतु कानोचे खरे कर्तृत्व डाव गोळा करण्यात नाही. जुन्या घराण्यांत बोटे मोडणे, डोळ्यांवर आघात अशा प्राणघातक गोष्टी होत्या. त्या इतक्या धोक्याच्या, की त्यांचा सराव नेहमी ठरवून, हळूच, नाटकातल्यासारखा करावा लागे. कानोने त्या रोजच्या झुंजीतून बाजूला काढल्या. मग जे उरले ते समोरच्याच्या पूर्ण विरोधापुढे, पूर्ण जोराने, रोज खेळता आले. परिणाम असा की कमी घातक डाव रोज खरे खेळणारे जास्त तयार झाले. आपल्या गदक्याचे आणि बोथाटीचे तत्त्व ते हेच. सराव खरा हवा असेल तर हत्यार बोथट करावे. हत्यार धारदार ठेवून सराव खोटा करू नये.

आता महाराष्ट्राच्या अभिमानाचे नाव घेतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वाढले लाल मातीत. मातीतल्या कुस्तीत वेळ लागला तरी चालतो, माती पायांना धरते, निकाल चितपटीवर. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर. तेथे पाय झपाट्याने सरकतात, घड्याळ चालू असते आणि गुण मोजले जातात. 1948 सालच्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना रीस गार्डनर हे परदेशी प्रशिक्षक मिळाले. तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. हा गडी निराश होऊन मातीकडे परतला नाही, आणि मातीला नावे ठेवून मॅटकडेही पळाला नाही. मातीचे बळ ठेवले, मॅटची चाल शिकली. आणि 1952 साली हेलसिंकीला 57 किलो वजनी गटात कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटात सुवर्णपदक घेतले ते जपानच्या शोहाची इशीने, आणि हा इशी मुळात जुदोचा गडी! महायुद्धानंतर जपानात जुदोवर बंधने आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे पाहा, एक मातीतून आला, एक जुदोतून आला, आणि दोघेही आपले मूळ न टाकता दुसऱ्याचे नियम शिकून त्या मंचावर उभे राहिले.

मुले मोबाईलवर पाहतात त्या मिश्र झुंजींकडेही वळू. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेनव्हर येथे निरनिराळ्या विद्यांचे आठ गडी एका रात्री एकमेकांविरुद्ध उतरवले. जिंकला रॉइस ग्रेसी नावाचा ब्राझीलचा सडपातळ तरुण. त्याच्या घराण्याने ही विद्या मित्सुयो माएदा या कानोच्या शाळेतल्या जपान्याकडून घेतली होती. हा माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचला. रॉइसने त्या रात्री तिघांना हरवले. त्यात एक मुष्टियोद्धा एका हातात मोजा घालून आलेला. त्याला जमिनीवर नेताच तो ठोसा न खाता शरण आला, कारण त्या अंतरावर काय करावे हे त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते. पाहणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, जमिनीची विद्या श्रेष्ठ. परंतु तो निष्कर्ष थोडी वर्षेच टिकला. पैलवान लोक गळा वाचवायला शिकले. ठोसेवाले पट सोडवायला शिकले. आणि नुसत्या जमिनीच्या विद्येवरही भागेना. आज त्या मंचावर एकाच विद्येवर उभा राहणारा गडी टिकत नाही. हरियाणाची रितू फोगाट कुस्तीतून तिकडे गेली. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्याची पूजा तोमर वुशू या चिनी विद्येतून गेली आणि त्या अमेरिकन मंचावर जून 2024 मध्ये झुंज जिंकणारी पहिली भारतीय ठरली. दोघीही मुली आहेत, हे मेहकरच्या आई-बापांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या मुलांनी तसल्या पिंजऱ्यात उतरावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पैशासाठी माणसाचे डोके फोडून घेण्याचा धंदा आम्हांस पसंत नाही. परंतु धंदा नापसंत असला तरी त्यातून निघालेले सत्य नाकारू नये. ते सत्य आम्ही तीन वाक्यांत मांडतो.

पहिले: एक विद्या आधी पक्की करावी. चार विद्यांची चार-चार महिने चव घेणारा माणूस चारही अंतरांवर कच्चा राहतो. ज्याला आपले मूळ आहे त्यालाच कलम बांधता येते. आमच्या भागात हे मूळ बहुतेक मुलांसाठी कुस्ती असावे असे आम्हांस वाटते. ती स्वस्त आहे, जवळ आहे आणि शेजारच्या अंगाच्या भाराशी खरा सामना शिकवते. हमालांत वावरलेल्या माणसाला भार म्हणजे काय ते कळते. पाठीने उचलणारा हमाल चाळिशीत बसतो. मांड्या आणि कंबर वापरणारा साठीपर्यंत उभा राहतो. आखाडा हेच शिकवतो.

दुसरे: मेळ डावांचा नसतो, सांध्यांचा असतो. धोबीपछाड येणे ही एक गोष्ट. समोरचा मूठ उगारून येत असता त्या मुठीखालून शिरून धोबीपछाडीला येणे ही दुसरी गोष्ट. गंमत अशी की जुदोत खांद्यावरून फेकण्याचा जो प्रसिद्ध डाव आहे तो आपल्या धोबीपछाडीचा सख्खा भाऊच. डाव जगभर सारखेच, कारण माणसाला दोनच हात नि दोनच पाय. वेगळेपण आहे ते एका अंतरातून दुसऱ्यात जाण्याच्या क्षणात. काठी खेळणाऱ्याने काठी केव्हा टाकून मिठी मारावी? पैलवानाने पट काढताना मान कोठे ठेवावी म्हणजे गळा सापडणार नाही? खाली पडल्यावर उभे कसे राहावे? हे प्रश्न कोणत्याही एका आखाड्यात विचारले जात नाहीत. दोन आखाड्यांच्या मधल्या रस्त्यावर ते पडलेले असतात.

तिसरे: विरोध खरा हवा. आज पुष्कळ ठिकाणी मुले रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारतात, दर काही महिन्यांनी फी भरतात आणि पट्ट्याचा रंग बदलतो. शिस्त लागते, अंग हलते, तेवढे चांगले. पण ज्या मुलाला समोरच्याने एकदाही खरोखर अडवले नाही, त्याला रंगीत पट्टा देऊन घरी पाठवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पैनगंगेच्या पुरात प्रमाणपत्र देऊन सोडणे. आत्मविश्वास खरा हवा. खोटा आत्मविश्वास भित्रेपणाहून घातक. आणि खरा विरोध म्हणजे डोकी फोडणे नव्हे. वाढत्या वयाच्या मुलांना डोक्यावर मारूच देऊ नये. पकड, फेक, निसटणे, उभे राहणे या गोष्टींचा सराव पूर्ण विरोधाने, अंगाला इजा न होता, वर्षानुवर्षे करता येतो. आईची भीती येथे रास्त ठरते आणि आजोबांची मातीही.

मग हे होत का नाही? अडचण पैशाची थोडी आणि अहंकाराची फार. आमचा उस्ताद, आमचा आखाडा, आमचे घराणे. दुसऱ्या तालमीचा गडी आला तर त्याला शिकवायचे नाही, आणि आपला गडी तिकडे गेला तर तो बाटला! संघटनेच्या कामात आम्ही हेच पाहत आलो. एका दारात तीन झेंडे लागतात, तिघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत आणि मालक गालातल्या गालात हसतो. कोणी म्हणतो, संप हेच आमचे हत्यार. कोणी म्हणतो, कोर्ट. कोणी म्हणतो, साहेबाशी बोलून घेऊ. अहो, ही तीन अंतरे आहेत! जेथे बोलून भागते तेथे संप कशाला, आणि जेथे तारखांवर तारखा पडतात तेथे नुसते कोर्ट धरून मजुराने खावे काय? एकच हत्यार येणारा पुढारी प्रत्येक प्रसंगाला तेच हत्यार मारतो, मग मजूर बुडाला तरी हरकत नाही.

आणि येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. बळ कमावून करावयाचे काय? मुंबईच्या गिरणगावात तालमींनी कामगारांची पोरे घडवली. आणि त्याच गिरणगावात काही दादा लोकांनी तालमीतले बळ संप फोडण्यासाठी भाड्यानेही दिले. कारखान्याच्या दारात भाड्याचे पैलवान उभे केलेले आम्हीही पाहिले आहेत. कमावलेली शरीरे होती, पाहून हळहळ वाटे. समोर रोजंदारीसाठी उभा असलेला मजूर कोणाचा बाप, कोणाचा काका. आणि त्याच्यावर हात टाकायला आलेला पोरगाही मजुराचाच. त्याला एकच विद्या शिकवलेली होती: मारणे. धरणे, आवरणे, सोडवणे, उभे राहून वार चुकवणे त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि कोणासाठी हात उचलू नये, हे तर मुळीच नाही.

ज्याला एकच उत्तर येते, तो प्रत्येक प्रश्नाला तेच देतो. ठोसाच येत असेल तर दारू पिऊन अंगावर आलेल्या चुलत्यालाही ठोसाच बसणार. ज्याला चारही अंतरे येतात त्याला निवड करता येते. तो वार चुकवील, मिठी मारील, अलगद खाली बसवील, आणि माणूस शुद्धीवर येईपर्यंत धरून ठेवील. कायदाही हेच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 ही स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. स्वतःचे आणि दुसऱ्याचेही शरीर वाचवण्याचा हक्क तेथे आहे; परंतु बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क तेथे नाही. बेताने लढता येणे हे कौशल्याचे काम आहे. अडाणी बळाला बेत साधत नाही. म्हणून विद्यांचा मेळ माणसाला अधिक घातक करतो असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो, तो माणसाला अधिक संयमी करू शकतो. कारण संयम करावयाला आधी हातात दुसरा उपाय असावा लागतो.

मेहकरकरांनी काय करावे? आम्ही मोठी मागणी करीत नाही. गावात मातीचा आखाडा असेल त्याच्या शेजारी एक जाड सतरंजीवजा मॅट पडावी. आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठरवावी की कुस्तीचा उस्ताद, काठीचा जाणता आणि जुदो-कराटेचा शिक्षक एका जागी बसतील, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुलांना आपली एक गोष्ट शिकवील. त्या दिवशी कोणी कोणाचा गुरू मोठा की लहान हे काढणार नाही. मुलींसाठी वेगळी वेळ आणि जमेल तेथे स्त्री-शिक्षक असावी; काठी आणि पकडीतून निसटणे यांपासून त्यांचा आरंभ व्हावा. हाडवैद्य किंवा डॉक्टर यांचा एक फेरा असावा. फी अशी असावी की हमालाच्या मुलाला मागे फिरावे लागणार नाही. आणि दारावर एक नियम लिहावा: येथे कमावलेले बळ भाड्याने दिले जात नाही.

एका शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, एका सयाजीरावांच्या बडोद्यात ज्ञानकोश निघाला. आपणांकडे राजे नाहीत. परंतु अमरावतीच्या वैद्य बंधूंकडेही राज्य नव्हते. आखाडा काढावयाला राजा लागत नाही, एकमेकांपुढे मान थोडी लववणारी चार माणसे लागतात. कुस्तीत आपण हात मिळवूनच खेळ सुरू करतो. दोन उस्तादांनी एकदा तसा हात मिळवावा, एवढीच प्रार्थना.